सुळका हलला नाही

३ जून

प्रिय ताई,

फोन हाताशी असताना ही पत्र काय लिहितेय, असं म्हणशील. पण मागच्या वेळी तूच म्हणालीस ना, "तू फोनवर गोड बोलतेस आणि मी वाहवत जाते, पुढच्या वेळी काय ते कागदावर लिही." म्हणून हा कागद. शिवाय फोनवर मामांचा एक कान कायम आपल्याकडे असतो, आणि मग मधूनच "काय म्हणतेय ती?" सुरू होतं. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय.

मामांचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर पडतायत का, हे तुला विचारणं म्हणजे घड्याळाला वेळ विचारण्यासारखं आहे.

काम असं आहे. प्रयोगशाळेतलं आपलं जुनं यंत्र, गार खिडकीवर वायू गोठवायचं ते, अखेर भंगारात निघालं. तू शिडीवर उभी राहून द्रवरूप हेलियम ओतायचीस आणि मी खाली शिडी धरून थरथरायचे, तेच. नवीन यंत्र आल्यापासून ते कोपऱ्यात धूळ खात होतं. आपले सर जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका आम्ही काढतोय आणि त्यात या यंत्राचा इतिहास घालायचाय. तुझी ती तपकिरी वही आहे ना अजून? आलेखांच्या पट्ट्या कापून तू जिच्यात चिकटवायचीस ती. शक्य तेवढ्या लवकर पाठवशील का? काम झालं की परत देईन.

परवा काचकाम करणारे काका भेटले. निवृत्त झालेत, पण जीभ तशीच. म्हणाले, "तुझी बहीण हेलियम असा ओतायची, जसं तान्ह्या पोराला दूध पाजतेय. तशी बाई पुन्हा आली नाही." मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाले, "तू साहेब आहेस."

बाकी सगळं ठीक. दिवसभर बैठका आणि सह्या. यंत्राच्या खिडकीवर कधी काय गोठतं ते आता विद्यार्थीच बघतात.

तुझी,
धाकटी


१४ जून

चि. धाकटीस,

तुझं पत्र शिपायाने शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर दिलं. पाकिटावरचा संस्थेचा छाप बघून गणिताच्या बाईंनी विचारलं, तिकडून तुम्हाला कोण हो लिहितं? मी म्हटलं, माझी आतेबहीण आहे तिथे, विभागप्रमुख आहे. तिची आई गेल्यावर आमच्याच घरी, मामाकडे वाढली, आणि तिला त्या दारात मीच नेऊन उभी केली. सांगताना मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

वही सापडली. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या शालींखाली होती. स्टुलावर चढून काढताना पेटीचं झाकण आपटलं, तशी आतून अप्पांची हाक आली, "काय फोडलंस?" काही नाही, वही काढतेय, म्हटलं. कसली वही? प्रयोगशाळेतली. तर म्हणाले, "त्या वहीनं काय दिवे लावले?" आणि उशी सरळ करून मागितली.

तुला माहीत आहे, घरी कोणी आलं की त्यांची एक गोष्ट ठरलेली. हिला तिथे ठेवून घेतलीच असती, पण हात धांदरट, काचेचं काम हिच्या हातचं नव्हे. पाहुणा हसतो, मीही चहाचे कप उचलत हसते. बावीस वर्षं झाली. पन्नाशी गाठली तरी ते लागतं गं, अगदी रोज लागतं.

परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही कधी खरा शोध लावलात का?" मी फळ्याकडे पाठ केली आणि सांगायलाच बसले. पोकळीत लोखंडाची तार इतकी तापवायची की तिचे अणू सुटे होऊन उडतात. दुसऱ्या नळीतून असिटिलीन सोडायचं, भरपूर आर्गॉनमध्ये मिसळून. दोन्ही एकाच वेळी एका स्फटिकाच्या खिडकीवर येऊन पडतात, आणि ती खिडकी इतकी गार, शून्याच्या खाली दोनशे साठ अंश, की जो जिथे पडला तो तिथेच गोठला. हलायचं नाव नाही. लोखंडाच्या अणूशेजारी असिटिलीनचा एखादा रेणू आलाच, तर त्या दोघांचं काय ते तिथल्या तिथे. मग त्यांच्यावर दिवा सोडायचा. दिव्याच्या जोरावर लोखंड शेजाऱ्याचा एक हायड्रोजन ओढून घेतं, आणि अवरक्त प्रकाशाखाली बघितलं की कागदावर, आधी जिथे सपाट होतं तिथे, सुळका उभा राहतो, त्याचा आकडा खालच्या अक्षावर वाचायचा. सतराशे सदुसष्टवर. जगात तो पहिल्यांदा मी पाहिला, असं मी पोरींना सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढची गोष्ट सांगितली नाही. ती तुला पाठच आहे. सुळक्यात खरंच हायड्रोजन आहे हे दाखवायचं, तर साध्याच्या जागी जड हायड्रोजनचं असिटिलीन घ्यायचं. वजन वाढलं की लोखंड-हायड्रोजनचा हेलकावा मंदावतो, म्हणजे सुळका खाली बाराशे सत्तरपर्यंत सरकायला हवा. माझा जागचा हलला नाही. सरांनी पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाले, यात हायड्रोजन-बिड्रोजन काही नाही, हे तेल आहे, तुझ्या नळ्यांचं आणि तुझ्या हातांचं. त्या दिवसापासून मी सगळ्या मजल्यावर 'तेलकट' झाले. शिष्यवृत्ती वाढवून मिळाली नाही, इकडे आई पडली, आणि दोन महिन्यांसाठी म्हणून चंबूगबाळं आवरून आले ती आजपर्यंत.

आता तू इतिहास लिहितेयस, तर त्यात माझं नाव घालशील ना? फार नको. हेलियम हिने ओतला, एवढं एक वाक्य पुरे. फक्त 'तेलकट' लिहू नकोस. मी अप्पांना वाचून दाखवणार आहे.

वही लगेच पाठवत नाही, रागावू नकोस. इतक्या वर्षांनी हातात आलीय, चार दिवस चाळू दे.

तुझी,
ताई


२५ जून

प्रिय ताई,

तुझं नाव घालीन हे काय विचारायचं?

पण वहीची जरा घाई आहे. छपाईवाला मागे लागलाय. चाळत बसू नकोस गं, जुन्या जखमा कशाला उकरायच्या. पट्ट्यांचा डिंक सुकलेला असेल, पानं उलटताना तुटतील आणि मग सगळंच जाईल. आहे तशी गुंडाळ आणि रजिस्टर पोस्टाने पाठव. नाहीतर असं करते, पुढच्या आठवड्यात मीच येते घ्यायला. मामांनाही भेटणं होईल. त्यांना आवडते तशी मऊ उशी पाहून ठेवलीय.

तू शाळेत असलीस तरी हरकत नाही, वही मामांच्या उशाशी ठेवून जा. मी दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन.

तुझी,
धाकटी


९ जुलै

धाकटे,

तू येऊन गेलीस. मी शाळेतून परतले तर अप्पा नव्या उशीवर पहुडलेले, आणि मोरीतल्या बादलीपासून कपाटाच्या वरपर्यंत सगळं घर कुणीतरी नीट धुंडाळलेलं. सरकवलेली पेटी तू जागेवर ठेवलीस, पण धुळीतली तिची चौकट दोन बोटं सुटली. वही माझ्याबरोबर शाळेत असते. चार दिवस चाळते म्हटलं होतं, चाळून झाली नव्हती.

तुझ्या घाईनेच मला जाग आली. पुस्तिकेसाठी वही हवी आणि ती कुणी वाचायची मात्र नाही, हा कुठला इतिहास? शाळेच्या संगणकावर मी त्या जुन्या यंत्राचा फोटो शोधायला बसले. यंत्राचा फोटो मिळाला नाही, तुझा मिळाला. फोटोखाली तुझा शोधनिबंध. लोखंडाचे अणू, असिटिलीन, आर्गॉन, दिवा. सतराशे सदुसष्टवर सुळका, जड असिटिलीन घेतल्यावर बाराशे एकाहत्तरवर. "प्रथमच नोंदवला जात आहे," असं तू लिहिलंयस. दोन वर्षं झाली छापून. दोन वर्षांत तू मला किती फोन केलेस? मी मोजले नाहीत, पण प्रत्येक फोनवर माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस तेवढी आठवते.

आधी मला आनंद झाला, हे तुला सांगायलाच हवं. तो खरा होता. मी शिक्षकांच्या खोलीत बसून रडले आणि गणिताच्या बाईंना सांगितलं की डोळ्यात खडू गेला. मग प्रश्न पडला. आज जो हलतो, तो तेव्हा का हलला नाही?

वही उघडली. दोन पट्ट्या शेजारी चिकटवल्यात, वरती साध्या असिटिलीनची, खाली जडची. एकोणीसशेपासून बाराशेपर्यंत. बावीस वर्षं मी या पट्ट्या नुसत्या आठवणीत बघत आले आणि आठवणीत एकच सुळका होता, माझा. या वेळी पट्टी आहे तशी डोळ्यांसमोर ठेवली आणि नववीच्या पोरींचे पेपर तपासते तशी डावीकडून उजवीकडे बघत गेले. तेराशे तीसवर एक बुटका सुळका आहे. वरच्या पट्टीतही आहे, खालच्या पट्टीतही. तो लोखंडाचा नव्हे, तो असिटिलीनचा स्वतःचा, रोजचाच, घरातल्या माणसासारखा, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण तो साध्या असिटिलीनचा आहे. चंबूत जड असिटिलीन असतं, तर तो तिथे दिसलाच नसता, पट्टीच्या बाहेर पार हजाराच्या जवळ गेला असता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी माझा सुळका हलतो का ते बघत बसले, आणि जो जायला हवा होता तो गेलेलाच नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. सरांच्याही आलं नाही. आम्हाला दोघांनाही चंबूवरची चिठ्ठी पुरली. चिठ्ठी इथेच वहीत लावलेली आहे, दोऱ्यासकट. "जड असिटिलीन. कार्बाइडवर जड पाणी सोडून तयार केले. बुधवार दुपार." अक्षर तुझं.

आता सांग, त्या चंबूत काय होतं?

मला तुझी खुर्ची नको. दोन गोष्टी हव्यात. एक, त्या नियतकालिकाला लिही की हा सुळका आधी कुणी पाहिला आणि तो तेव्हा खोटा का ठरला. दुसरी, अप्पांना पत्र लिही. तुझ्या हाताने. "मामा, ती चुकली नव्हती." एवढंच. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते असताना त्यांना कळायला हवं की त्यांची पोरगी धांदरट नव्हती. बाकीचं जग गेलं उडत.

ताई


२० जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मी चोरासारखी घर धुंडाळायला नको होतं, त्याची माफी मागते. पण तू एका बुटक्या सुळक्यावरून केवढा डोंगर उभा केलास.

नळ्यांच्या काचेवर साध्या पाण्याचा ओलावा असतो हे तुला मी सांगायला नको. आधी जड पाण्याने नळ्या विसळून, तापवून, पोकळीत सुकवल्या नाहीत, तर काचेतला साधा हायड्रोजन जड हायड्रोजनची जागा घेतो. कार्बाइडही जुनं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, विसळायला कमी पडले असेन. अशी चूक कोणाच्याही हातून होते. तिला तू कट म्हणू नकोस.

"प्रथमच" हा शब्द विद्यार्थ्याने घातला, माझ्या नजरेतून सुटला. पुढच्या निबंधाच्या शेवटी आभारात तुझं नाव घालते, पूर्ण नाव, आणि "सुरुवातीच्या निरीक्षणांबद्दल" असं लिहिते. पुढच्या महिन्यात संचालकपदाचा निर्णय व्हायचाय. आत्ता नियतकालिकाला काही लिहिणं म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेणं. एवढं समजून घे.

आणि मामांना काही नको गं. या वयात त्यांना कशाला त्रास? त्यांना या सुळक्यांतलं काय कळणार? खरंच सांगते, मामांना यात ओढू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.

धाकटी


२७ जुलै

ओलाव्याने अर्धं साधं आणि अर्धं जड झालं असतं, तर दोन सुळके दिसले असते. एक सतराशे सदुसष्टवर, दुसरा बाराशे सत्तरवर. खालच्या पट्टीत बाराशे सत्तरला कागद कोरा आहे. मी भिंग लावून बघितला. त्या चंबूत जड असिटिलीनचा लवलेशही नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी ओतू नकोस, मी शिकवते ते विषय विसरलेले नाही.

आभारात नाव! तेल गेलं, तूप गेलं, आणि आता धुपाटणं तेवढं हातात देतेस.

वहीच्या पानांच्या प्रती काढून पाकिटात घातल्यात. पाकिटावर नियतकालिकाचा पत्ताही लिहिलाय. दहा ऑगस्टपर्यंत तुझ्या हातचं पत्र अप्पांना आलं, तर ते पाकीट मी कपाटावरच्या पेटीत ठेवून देईन आणि तू खुशाल संचालक हो. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मला अप्पांचं पत्र हवं. माझ्या भल्याची काळजी तू करू नकोस, ती तू एकदा केलीस तेवढी पुरे.

ताई


१८ ऑगस्ट

ताई,

दहा तारीख उलटून गेली आणि नियतकालिकाकडून काही आलं नाही, म्हणजे तू पाकीट टपालात टाकलेलं नाहीस. रोज सकाळी टपाल आधी मीच चाळते. आता मी लिहिते. सगळं लिहिते, कारण अर्धं लिहून बघितलं.

त्या बुधवारी दुपारी जड पाण्याची नळी माझ्या हातून फुटली. बोटभर काचेची बंद नळी, तीन महिने वाट बघून आलेली. मान कापताना निसटली आणि मोरीच्या कडेवर आपटली. सगळं पाणी जाळीतून खाली गेलं. मी तिथेच बसून राहिले. हेलियम दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि त्यानंतरचा पाच आठवड्यांनी. तू आठवडाभर खिडकी घासत होतीस. मी नळाखाली चंचुपात्र धरलं, साधं पाणी कार्बाइडवर सोडलं, चंबू भरला आणि चिठ्ठी बांधली. तुला सकाळी सांगायचं ठरवलं होतं. सकाळी आले तर तू शिडीवर होतीस, हेलियम ओतून झाला होता आणि सर खुर्ची ओढून बसले होते. आत्ता सांगते, दिवा लागला की सांगते, पट्टी निघाली की सांगते, असं करता करता सर उठून तेलाबद्दल बोलायला लागले. मग मला सांगता आलं नाही.

तुला तिथून घालवायचा माझा विचार नव्हता. पण तुझी जागा मला मिळाली तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे. ते नाकारायला माझ्याकडे तोंड नाही.

आता ज्याच्यासाठी मी महिनाभर हात आखडला ते. मामांना मी काय कळवणार ताई? मी त्यांना तेव्हाच कळवलं होतं. तू घरी निघालीस त्याच आठवड्यात मी त्यांना चार पानांचं पत्र घातलं. नळी फुटल्यापासून सगळं. म्हटलं, मामा, तुम्ही सांगाल तसं करते, सरांसमोर जाऊन कबूल करते, मला काढलं तरी चालेल. आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. फाडायला सांगितलं होतं. मी फाडलं नाही. कधीतरी लागेल असं वाटलं, आणि ते माझ्यासाठीच लागेल असं वाटलं, हेही लिहून टाकते. मूळ कागद सोबत ठेवलाय. मला तो आता घरात नको.

धाकटी

(सोबतचा कागद)

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दोनदा वाचून फाडून टाकले. तूही हे फाड. झाले ते झाले, कोणाचा जीव गेलेला नाही. कोणाला काही कबूल करण्याची आवश्यकता नाही. इकडे तुझ्या मामीला धरून उठवावे लागते आणि माझ्याच्याने ते होत नाही. मोठी परत येते आहे ते ठीकच आहे. तिला हे समजले तर ती उलट्या पावली तिकडे जाईल आणि मग काही यायची नाही. तेव्हा तू गप्प राहावेस. तू हुशार आहेस, तिकडे नाव काढ. एका घरातून एक पुरे.

प्रकृतीस जप.

तुझा मामा


२ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पाकीट शाळेत मिळालं तेव्हा मधली सुट्टी होती. वाचलं आणि पाचव्या तासाला जाऊन वर्गाला दाब आणि तापमान शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही. पोरींनी वह्यांत काहीतरी लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा अप्पा जागेच होते. म्हणाले, "आज उशीर केलास." मग माझ्या हातातला कागद दिसला, डोळा अधू असला तरी कागद दिसतो. "कुणाचं पत्र?" मी म्हटलं, तुमचं. चष्मा लावला आणि वर्गात वाचते तसं, खणखणीत, अनेक आशीर्वादांपासून प्रकृतीस जपपर्यंत वाचून दाखवलं. "एका घरातून एक पुरे" दोनदा वाचलं, एकदा चुकून आणि एकदा मुद्दाम.

मला वाटलं होतं ते नाकारतील, किंवा रडतील. मी दोन्हींची तयारी करून बसले होते. त्यांनी नव्या उशीची शिवण चाचपली. मग म्हणाले, "त्यात एवढं काय? बघितलंस ना तू आम्हाला. नीट बघितलंस."

बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'नीट' म्हटलं. यासाठीच मी तुझ्याकडे पत्र मागत होते, आणि ते मिळालं ते असं.

धाकटे, मी रोज सहा वर्षं आईला धरून उठवलं. तिचं मला ओझं नव्हतं, तिने मागितलं असतं तरी मी आलेच असते. पण मला कोणी विचारलं नाही. मी चुकलेय असं मला सांगितलं गेलं, आणि चुकलेल्या माणसाने घरी येऊन गप्प काम करायचं असतं, तसं मी केलं. पाहुण्यांसमोर ते माझी टिंगल करायचे तेव्हा त्यांना माहीत होतं. प्रत्येक वेळी माहीत होतं. तुला दोष देताना मला निदान तुझं वय आठवतं. त्यांना दोष देताना मला काहीच आठवत नाही.

तेवढ्यात चार वाजले. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. एकही थेंब गालावर पडला नाही.

आता तुझ्या कामाचं. वहीची पानं, दोन्ही पट्ट्यांच्या प्रती, चिठ्ठीचा फोटो आणि तुझ्या पत्रातल्या नळी फुटल्याच्या मजकुराची प्रत, हे सगळं काल नियतकालिकाकडे गेलं. अप्पांना लिहिलंस तर पाठवणार नाही असं मी म्हटलं होतं. पण तू त्यांना लिहिलं होतंस ते बावीस वर्षांपूर्वी, आणि त्याने माझं काय झालं ते आपण बघितलं. घरच्या कागदाची प्रत मी कुणाला पाठवलेली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वही माझ्याकडेच राहील.

आणि अप्पा येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतायत. शाळेतले शिपाईभाऊ सोबत बसून येतील आणि तुझ्या स्टेशनवर उतरवून देतील, तू फक्त घ्यायला ये. मी अप्पांना विचारलेलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं का? तू बैठकांत असतेस, सह्या असतात, संचालकपदाचं काय व्हायचं ते होईल, मला सगळं मान्य आहे. मीही तेव्हा कामातच होते. एका घरातून एक पुरे असं तेच म्हणाले होते, माझी पाळी झाली. मी कुठे जाणार नाहीये, इथेच घरात पाय पसरून बसणार आहे, आणि झाकण आपटलं तरी कुणी हाक मारणार नाही.

औषधांची यादी त्यांच्या पिशवीत वरच ठेवलीय. सकाळी रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, आधी नव्हे. रात्री पायाला उशी. थेंब चार वेळा, आणि त्यातला दुपारी चारचा चुकवायचा नाही. थेंबांच्या दोन बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून मी दोन्हींना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्यात. घाबरू नकोस. चिठ्ठीवर जे लिहिलंय, तेच बाटलीत आहे.

ताई